लंगडी दोन्ही पायांनी

जालना-भोकरदन रस्त्यावर, पूर्णा नदीच्या काठी केदारखेडा आहे. अशा कुठल्याही गावी सुट्टीच्या दिवसांत संध्याकाळी आपल्या वस्तीत चक्कर मारा. ऊन उतरले की विहारापुढच्या मोकळ्या जागेत मुले जमतात. मुले कबड्डीच्या रेषा ओढतात आणि मुली लंगडीचा डाव मांडतात. लंगडी घालणाऱ्या मुलीला थांबवून सांगा, "आता दुसऱ्या पायावर घाल बरं." ती हसते, पाय बदलते, तीन-चार उड्या घेते आणि पाय टेकवते. वर म्हणते, "ह्या पायानं नाही जमत मला."

हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी म्हटलेले आहे. एक पाय कामाचा आणि दुसरा नुसता जोडीला, असे आपण धरून चालतो. बारा-चौदा वर्षांच्या मुलामुलींसाठी ही समजूत महाग पडू शकते. शाळेच्या संघातली जागा, गुडघा, घोटा आणि पुढे भरतीचे मैदान या सगळ्यांशी तिचा संबंध आहे. म्हणून यावेळी आरोग्याच्या पानावर आपल्या मुलांच्या दोन पायांविषयी आणि तोलाविषयी बोलू.

सवयीचा पाय आणि आधाराचा पाय

जसा हात उजवा किंवा डावा असतो, तसा पायही असतो. चेंडू मारायला जो पाय आपोआप पुढे येतो तो सवयीचा पाय. बहुतेकांचा तो उजवा असतो. जगभरातले १६४ अभ्यास एकत्र करून २०२० साली संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा शंभरातले साधारण बारा जण डाव्या पायाचे निघाले. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात चार-पाच मुले डाव्या पायाची असणारच.

ही मुले चुकीची नाहीत. त्यांच्या मेंदूची ठेवण तशी आहे, एवढेच. उंबरठा उजव्या पायानेच ओलांडायचा, डावा पाय पुढे टाकला की अपशकुन, या जुन्या समजुती आपण धम्म स्वीकारताना मागे टाकल्या. तरी एखाद्या आजीच्या तोंडून त्या अजून निघतात. डाव्या पायाने चेंडू मारणाऱ्या मुलाला "उजव्यानं मार" म्हणून रागावू नका. त्याचा पाय बदलायला लावून काही साधत नाही, उलट त्याचा विश्वास जातो.

आता पुढची गोष्ट नीट बघा. उजव्या पायाने चेंडू मारताना सगळे शरीर कोणत्या पायावर उभे असते? डाव्या. कबड्डीत चढाई करणारा पायाने स्पर्श करायला एक पाय लांबवतो, तेव्हा त्याचे सगळे वजन दुसऱ्या वाकलेल्या पायावर असते. खो-खोत खांबाला वळसा घालताना बाहेरचा पाय रेटतो आणि आतला पाय शरीर सावरतो. म्हणजे ज्याला आपण बिनकामाचा समजतो, तो पाय खरे तर आधाराचा पाय असतो. दोघांची कामे वेगळी आहेत. एक नेम धरतो, दुसरा तोल धरतो. खेळात आणि जगण्यात ही कामे क्षणोक्षणी बदलत असतात, त्यामुळे दोन्ही पायांना दोन्ही कामे यावी लागतात.

तोल म्हणजे नेमके काय

बगळा पाण्यात एका पायावर स्थिर उभा असतो, तो एक तोल. डोक्यावर हंडा, कडेवर लेकरू आणि पायाखाली खडकाळ वाट, अशी आपली आई पाणी घेऊन येते, तो दुसरा तोल. पहिला थांबलेला आणि दुसरा चालता. शरीर हलत असताना, वळताना, उडी मारून खाली येताना जो तोल लागतो त्याला हालचालीतला तोल म्हणू. मैदानावर याच तोलाची परीक्षा होते. एखादे मूल एका पायावर मिनिटभर उभे राहते म्हणून ते उडी मारून नीट उतरेलच असे नाही.

हा तोल तीन ठिकाणांहून येणाऱ्या खबरींवर चालतो. डोळे आजूबाजूचे सांगतात. कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोके कोणत्या बाजूला वळले हे त्यांतल्या द्रवाच्या हालचालीवरून कळते. तिसरी खबर स्नायू, सांधे आणि तळपायाकडून येते. पाय किती वाकला, जमीन मऊ आहे की कडक, भार टाचेवर आहे की चवड्यावर, हे न बघताही आपल्याला कळते ते या तिसऱ्या खबरीमुळे. मेंदू, विशेषतः मागच्या बाजूचा लहान मेंदू, या तिन्ही खबरी जुळवतो आणि क्षणाच्या आत स्नायूंना हुकूम सोडतो.

एका पायावर उभे राहून डोळे मिटून पाहा. घोटा लगेच डगमगू लागतो. डोळ्यांची खबर बंद झाली की उरलेल्या दोघांवर किती ताण येतो, ते त्यातून समजते. हा प्रयोग भिंतीजवळच करा.

वाढत्या वयात पाय अडखळतात

मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यांत वेगाने वाढते. या काळात वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटर उंची वाढणे नेहमीचे आहे. आधी पायाची आणि मांडीची हाडे लांबतात, स्नायूंची ताकद मागून येते. मेंदूत शरीराचा जो नकाशा असतो तो जुन्या मापाचा राहतो. कालपर्यंत जिथे पाय पडत होता, तिथून तो आज दोन बोटे पुढे पडतो.

म्हणून या वयात पोर दाराच्या चौकटीला धडकते, पाण्याचा तांब्या सांडते, सरळ रस्त्यावर ठेचकाळते. आपण म्हणतो, "आंधळा आहेस का? लक्ष कुठंय तुझं?" कोणी बाहेरची बाधा शोधतो, कोणी नजर उतरवतो. त्याची काही गरज नाही. मेंदू नवा नकाशा आखत असतो आणि त्याला काही महिने लागतात. या काळात मुलाला खेळापासून दूर ठेवले तर नकाशा आखायला सरावच मिळत नाही. खेळू द्या, फक्त सांभाळून आणि दोन्ही पायांनी.

दोन पायांत किती फरक चालतो?

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात शाळकरी बास्केटबॉल खेळाडूंचा एक अभ्यास झाला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. हंगाम सुरू होण्याआधी २३५ मुलामुलींची एक साधी चाचणी घेतली. एका पायावर उभे राहायचे आणि दुसरा पाय ठरलेल्या दिशांना जितका लांब जाईल तितका न्यायचा. मग हंगामभर कोणाच्या पायाला इजा होते याची नोंद ठेवली. समोरच्या दिशेला दोन पायांच्या पल्ल्यात ४ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असलेल्या खेळाडूंना इजा होण्याची शक्यता अडीच पट निघाली. ज्या मुलींचा एकूण पल्ला पायाच्या लांबीच्या ९४ टक्क्यांपेक्षा कमी होता, त्यांच्यात ती शक्यता साडेसहा पट होती.

हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. पुढे वेगवेगळ्या खेळांत आणि देशांत अभ्यास झाले, तेव्हा सगळीकडे हीच मर्यादा लागू पडली नाही. पण निरोगी किशोरवयीन मुलांची अशी चाचणी घेतलेल्या अनेक अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सवयीच्या पायाचा आणि दुसऱ्या पायाचा तोल जवळपास सारखाच असतो. निसर्गाने एक पाय लंगडा दिलेला नाही. फरक मोठा असेल तर त्यामागे बहुधा काही कारण असते. कधी जुनी मुरगळ नीट बरी झालेली नसते, कधी एखाद्या बाजूचे स्नायू कमकुवत असतात, तर कधी तो पाय कोणी वापरलेलाच नसतो.

म्हणजे "ह्या पायानं नाही जमत" याचा खरा अर्थ "ह्या पायाला अजून शिकवलं नाही" असा निघतो.

वस्तीत करता येईल अशी तपासणी

या चाचणीला यंत्र लागत नाही. शिलाईचा टेप, खडू आणि सपाट फरशी पुरे. विहाराची किंवा शाळेच्या व्हरांड्याची फरशी चांगली.

फरशीवर समोर जाणारी एक सरळ रेघ ओढा. तिच्या मागच्या टोकापासून आणखी दोन रेघा मागे तिरप्या काढा, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. या दोन मागच्या रेघांमध्ये वहीचा कोपरा बसेल एवढा काटकोन हवा. तिन्ही रेघा जिथे मिळतात तो मधला बिंदू.

मूल अनवाणी उभे राहील. एका पायाचा अंगठा मधल्या बिंदूवर, हात कमरेवर. आता दुसरा पाय समोरच्या रेघेवरून पुढे न्यायचा, बोटाने जमिनीला हलकेच टेकवायचे आणि तोल न जाता परत आणायचा. त्या पायावर भार टाकला, उभ्या पायाची टाच उचलली किंवा हात सुटले, तर तो प्रयत्न धरायचा नाही. आधी चार-सहा वेळा सराव करू द्या. मग तीन वेळा मोजा आणि सगळ्यांत मोठे माप लिहा. असेच मागच्या दोन रेघांवर करा. मग पाय बदला. नाव उभ्या पायाचे लिहायचे, कारण परीक्षा त्याचीच आहे.

पायाची लांबी मोजायला मुलाला उताणे झोपवा. कमरेच्या पुढच्या बाजूला हाडाचे टोक हाताला लागते, तिथपासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत टेप धरा.

एक उदाहरण घेऊ. समजा पायाची लांबी ८० सेंटिमीटर आहे. उजव्या पायावर उभे असताना तीन दिशांची मापे ५८, ८४ आणि ८० आली. बेरीज २२२. पायाच्या लांबीची तिप्पट २४०. २२२ भागिले २४०, गुणिले १००, म्हणजे ९२.५ टक्के. डाव्या पायावर मापे आली ५२, ८० आणि ७८. बेरीज २१०, म्हणजे ८७.५ टक्के. समोरच्या दिशेतला फरक ५८ वजा ५२, म्हणजे ६ सेंटिमीटर. या मुलाच्या डाव्या पायाकडे लक्ष द्यायला हवे, एवढे यातून कळते. हे माप वहीत तारखेसह लिहून ठेवा. मुलाला "कच्चा" म्हणायला ते वापरू नका. दोन महिन्यांनी त्याच मुलाच्या नव्या मापाशी तुलना करायला ते आहे.

आठ आठवड्यांचा सराव

तोल शिकता येतो, याला चांगला पुरावा आहे. अमेरिकेत ७६५ शाळकरी फुटबॉल आणि बास्केटबॉल खेळाडूंवर अभ्यास झाला. तोलाचा सराव केलेल्या मुलांमध्ये घोटा मुरगळण्याचे प्रमाण ३८ टक्क्यांनी कमी झाले. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना खेळाआधी वीस मिनिटांचा ठरावीक सराव दिला. त्यात तोल, ताकद आणि नीट उतरण्याचे व्यायाम होते. इजा साधारण एक तृतीयांशाने घटल्या. या सरावाला महागडे साहित्य लागले नाही, नियम पाळावा लागला.

आपल्याकडे तर याचे खेळच आहेत. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी पंधरा मिनिटे पुरेत.

पहिले, एका पायावर उभे राहणे. प्रत्येक पायावर तीस सेकंद, तीन वेळा. सकाळी दात घासताना केले तरी चालते. सोपे वाटू लागले की मान हळूहळू डावीकडे-उजवीकडे वळवा. त्यानंतर जोडीदाराकडून चेंडू झेला.

दुसरे, वरच्या तीन रेघांवर पाय लांबवणे. प्रत्येक दिशेला पाच वेळा. चाचणी हाच व्यायाम होतो.

तिसरे, उडी मारून थांबणे. दोन पायांनी पुढे उडी, एका पायावर उतरणे आणि तीन सेकंद पुतळा. उतरताना गुडघा थोडा वाकलेला आणि पायाच्या बोटांच्या रेषेत हवा. तो आत, दुसऱ्या गुडघ्याकडे झुकू देऊ नका. आवाज कमी आला पाहिजे. धप्प असा आवाज आला म्हणजे सगळा भार हाडांनी झेलला.

चौथे, लंगडी. खेळात पाय बदलता येत नाही, म्हणून सरावात बदला. जाताना उजवा, येताना डावा. ठिकरी खेळतानाही तसेच करा. एक फेरी या पायाने, दुसरी त्या पायाने.

पाचवे, ताकद. पायरीच्या कडेला चवड्यावर उभे राहून टाच उचलणे पंधरा वेळा आणि अर्ध्या बैठका दहा.

सहावे, संथ चालणे. एका रेघेवर टाचेला अंगठा लावत दहा पावले पुढे, दहा मागे. आपल्याकडे चंक्रमणाची रीत आहेच. पाऊल उचलले, पुढे नेले, टेकवले, याकडे लक्ष ठेवत चालणे. मन शांत करायला सांगितलेली ही रीत तळपायाच्या खबरीकडेही लक्ष द्यायला लावते.

सुरुवात नेहमी कमी सवयीच्या पायाने करा आणि त्या पायाला एक फेरी जास्त द्या. ओली फरशी, विहिरीचा कठडा, गच्चीची कड किंवा खडे-काचा असलेली जागा यासाठी नको.

आणि अति नको. सोण थेरांची गोष्ट आपण वंदनेनंतरच्या प्रवचनात ऐकलेली असते. ते चंक्रमण करत राहिले, इतके की तळपाय फुटून रक्त आले. तेव्हा भगवान बुद्धांनी त्यांना वीणेची आठवण दिली. तारा फार ताणल्या तरी सूर नाही, फार सैल सोडल्या तरी सूर नाही. दमलेल्या स्नायूंवर तोल राहत नाही आणि इजा अशाच वेळी होते. मुलाचा पाय थरथरू लागला की त्या दिवशीचा सराव संपला.

मुरगळलेला पाय चोळू नका

खेळात सगळ्यांत जास्त घोटा मुरगळतो. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त असते, कारण तिथल्या लिगामेंटबरोबर खबर देणाऱ्या नसाही दुखावतात. सूज उतरते, पण घोटा मुका राहतो. अनेक मुलांचा "न चालणारा पाय" असाच तयार होतो. दोन वर्षांपूर्वीची मुरगळ घरातले विसरलेले असतात, पाय विसरलेला नसतो.

पहिले दोन दिवस जोरात चोळणे, ओढून "बसवणे" आणि गरम शेक टाळा. त्याने सूज वाढते. पाय उशीवर उंच ठेवा. कापडात गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाण्याची घडी पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून काही वेळा ठेवा. क्रेप बँडेज बांधा, पण बोटे निळी पडतील इतके घट्ट नको. मुलाला त्या पायावर चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर बोट दाबले की कळ येत असेल, तर एक्स-रे काढायलाच हवा.

दुखणे ओसरले की खरे काम सुरू होते. हॉलंडमध्ये घोटा मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचाराशिवाय घरी स्वतःच करायचा आठ आठवड्यांचा तोलाचा सराव दिला. वर्षभरात पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण सराव न केलेल्यांत ३३ टक्के आणि केलेल्यांत २२ टक्के होते. घरी, कोणाच्या देखरेखीशिवाय केलेल्या सरावाचा हा फायदा आहे. दुखऱ्या पायावर न दुखता लंगडी घालता येते, तेव्हाच मुलाला डावात परत पाठवा.

मुली मैदान सोडतात तेव्हा

मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिचा खेळ थांबतो. "आता मोठी झालीस" असे म्हणून तिला घरात घेतले जाते. नेमक्या याच वयात तिचे शरीर बदलते आणि तिला तोलाचा सराव सगळ्यांत जास्त लागतो. वयात आल्यानंतर उडी आणि वळणाच्या खेळांत मुलींच्या गुडघ्यातला लिगामेंट तुटण्याचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. उतरताना गुडघा आत झुकणे आणि एकाच पायावर सगळा भरवसा ठेवणे ही त्यामागची दोन कारणे संशोधक सांगतात. दोन्ही सरावाने सुधारतात. मैदान बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

मराठवाड्याच्या मातीत काय होऊ शकते हे धाराशिवच्या सारिका काळे यांनी दाखवले. खो-खोत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळे कर्णधार असलेल्या भारतीय महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० ने हरवले. खो-खोला मोठे मैदान किंवा महाग साहित्य लागत नाही. लागते ती घरातून मिळणारी एक तासाची परवानगी.

या तासाचा पुढच्या पोटापाण्याशीही संबंध आहे. महाराष्ट्र पोलीस भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणे, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. वस्तीतली कितीतरी मुले-मुली पहाटे रस्त्याने धावत भरतीची तयारी करतात. चौदाव्या वर्षी दुर्लक्षित राहिलेला घोटा किंवा गुडघा एकोणिसाव्या वर्षी शेवटच्या वळणावर दगा देऊ शकतो.

अंगात रक्त हवे, पोटात भाकरी हवी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. रक्त कमी असले की स्नायू लवकर दमतात आणि दमलेला पाय लवकर घसरतो. शाळेत आणि अंगणवाडीत किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला एक लोहाची निळी गोळी मोफत मिळते. ती जेवणानंतर घ्यावी आणि तिच्या आगेमागे तासभर चहा नको. जंताची गोळीही चुकवू नका. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, हिरवी भाजी, शेंगदाणे, गूळ, लिंबू, जमेल तेव्हा अंडे-मटण, हे सगळे पायाच्याच कामी येते. मुलीच्या ताटात मुलाइतकेच वाढा.

दप्तर एकाच खांद्यावर आणि कापसाचे गाठोडे नेहमी एकाच बाजूला घेण्याची सवयही मोडा. बाजू बदलत राहा.

हे मात्र डॉक्टरांना दाखवा

सगळे अडखळणे वाढीचे नसते. पुढचे काही दिसले तर सराव थांबवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात न्या.

मूल आधी नीट चालत होते आणि आता दिवसेंदिवस जास्त पडू लागले आहे. खाली बसल्यावर मांडीवर हात टेकत टेकतच उठते. एका बाजूचा हात आणि पाय दोन्ही अशक्त वाटतात. चक्कर येते, कानात आवाज येतो किंवा ऐकू कमी येते. डोक्याला मार लागल्यानंतर तोल जाऊ लागला आहे. संध्याकाळी ताप, वजन घटणे आणि सांध्याची सूज बरोबर आहेत. अकरा ते पंधरा वर्षांचे मूल लंगडत आहे आणि जांघेत, मांडीत किंवा गुडघ्यात दुखते. या शेवटच्या तक्रारीत कधी कधी मूळ दोष खुब्याच्या सांध्यात असतो आणि कळ मात्र गुडघ्यात येते. म्हणून डॉक्टरांना खुबाही तपासायला सांगा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते आणि अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी करते. पथक येते त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवा आणि "याचा पाय अडखळतो" असे शिक्षकांकडे आधीच लिहून द्या. पुढच्या उपचाराची चिठ्ठी मिळाली की ती घरात पडू देऊ नका. अंगारा-धुपाऱ्यात गेलेला महिना परत मिळत नाही.

रविवारची अर्धी घटका

रविवारी वंदनेला आपण विहारात जमतोच. वंदना झाल्यावर अर्धा तास मुलांसाठी ठेवा. एखाद्या ताईने टेप धरावा, एखाद्या दादाने वहीत मापे लिहावीत. मुले-मुली एकाच रांगेत उभी राहू देत. तीन रेघा फरशीवर पक्क्या रंगवल्या तर दर वेळी खडू शोधायला नको. वही विहारातच राहू द्या, म्हणजे दोन महिन्यांनी प्रत्येकाला आपलेच जुने माप बघता येईल.

तोपर्यंत रोज संध्याकाळी एवढेच करा. मुलगी लंगडी घालायला निघाली की विचारा, "आज कोणत्या पायाची पाळी?"